एकच कृमी, वेगवेगळे सस्तन यजमान: मापांतील फरकाला किती महत्त्व द्यावे?

प्रश्न
जिज्ञासा_प्राणिशास्त्र

नमस्कार. पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या प्रकल्पासाठी मी सस्तन प्राण्यांतील परजीवी कृमींच्या शरीररचनेचा अभ्यास करीत आहे. विभागाच्या संग्रहातील दोन बरण्यांमध्ये यकृताचे पर्णकृमी, म्हणजे पानासारखे चपटे कृमी, आहेत. एका बरणीतील कृमी मेंढीच्या पित्तनलिकांतून काढलेले आहेत, दुसरीतील गायीच्या, आणि दोन्हींवर फॅसिओला हेपॅटिका हेच नाव लिहिलेले आहे. मोजमापे घेतल्यावर मात्र दोन्ही गट सरळसरळ वेगळे पडतात. मेंढीतील कृमी आखूड व रुंद आहेत, गायीतील अधिक लांबट आहेत, आणि पुढच्या शंकूच्या मागे दिसणारे खांदे एका गटात ठळक, तर दुसऱ्यात उतरते आहेत.

ओळखीसाठी वापरल्या जाणाऱ्या कोष्टकांत प्रत्येक जातीच्या मापांची मर्यादा दिलेली असते, पण ती मापे कोणत्या यजमानातील, म्हणजे कृमी ज्याच्या शरीरात राहतो त्या प्राण्यातील, कृमींवरून घेतली, याचा उल्लेख क्वचितच सापडतो. केवळ यजमान वेगळा असल्यामुळे एकाच जातीच्या कृमीत एवढा फरक पडू शकतो का, की मी दोन वेगळ्या जाती पाहत आहे? आणि यजमानामुळे रूप बदलत असेल, तर ओळख पटवताना कोणत्या लक्षणांवर भिस्त ठेवावी? पर्णकृमींबरोबरच गोलकृमी आणि पट्टकृमी यांच्याबद्दलही कोणी सविस्तर लिहिले, तर मला फार उपयोग होईल.

उत्तर १
कृमिशास्त्र_अध्यापन

होय, केवळ यजमानामुळे एवढा फरक पडू शकतो. मात्र यजमान म्हणताना आपण अनेक वेगळ्या गोष्टी एकत्र धरतो: कृमीला मिळणारी जागा, त्याचे अन्न, यजमानाची प्रतिकारशक्ती, आणि त्याच प्राण्यात राहणाऱ्या इतर कृमींची गर्दी. आपल्या दोन बरण्यांतील फरक यांपैकी कशामुळे आला असावा, हे ठरवल्याशिवाय त्या फरकाचा अर्थ लावता येणार नाही.

प्रथम आपल्याच कृमीचे पाहू. चाऱ्याबरोबर गिळला गेलेला फॅसिओलाचा पिल्लू कृमी आतड्याची भिंत भेदून उदरपोकळीत येतो, तेथून यकृतात शिरतो, काही आठवडे यकृताच्या ऊतींतून वाट काढत फिरतो आणि साधारणपणे सहा ते आठ आठवड्यांनी पित्तनलिकेत पोचतो. पित्तनलिकेत त्याची वाढ आधी वेगाने होते, अंडी घालू लागल्यानंतर मंदावते आणि शेवटी एका मर्यादेपाशी थांबते. ही मर्यादा सर्व यजमानांत सारखी नसते. गायीच्या पित्तनलिकांच्या भिंती संसर्गानंतर जाड होतात, त्यांत कॅल्शियम साचते, पोकळी कृमीला प्रतिकूल होत जाते आणि बरेचसे कृमी कालांतराने बाहेर टाकले जातात. मेंढीच्या नलिकांत असे कॅल्शियम साचत नाही, म्हणून तेथे कृमी वर्षानुवर्षे टिकू शकतात आणि अकरा वर्षे जगल्याचीही नोंद आहे. याचा अर्थ असा की, आपल्या मेंढीच्या बरणीत वयाने बरेच जुने कृमी असू शकतात, तर गायीच्या बरणीत बहुतांशी तरुण कृमी असू शकतात, आणि आपण ज्याला यजमानाचा फरक म्हणत आहात तो काही अंशी वयाचा फरक असू शकतो.

गर्दीचा परिणाम पट्टकृमींमध्ये सर्वांत स्वच्छ दिसतो. हायमेनोलेपिस डिमिन्युटा हा रॅटच्या, म्हणजे मोठ्या उंदराच्या, आतड्यात राहणारा पट्टकृमी प्रयोगशाळेत फार पूर्वीपासून वापरला जातो. एका रॅटमध्ये तो एकटाच असेल तर पूर्ण लांबीपर्यंत वाढतो, पण त्याच आतड्यात अनेक कृमी असतील तर प्रत्येकाची लांबी व वजन घटते आणि तो कमी अंडी तयार करतो. परजीवीशास्त्रज्ञ रीड यांनी १९५१ मध्ये या गर्दीच्या परिणामाची मांडणी केली आणि त्याचा संबंध कर्बोदकांसाठीच्या स्पर्धेशी जोडला. कृमी स्वतःही एकमेकांची वाढ रोखणारी द्रव्ये सोडत असावेत, असे नंतरच्या प्रयोगांतून पुढे आले. हाच कृमी रॅटऐवजी माउस जातीच्या लहान उंदरात सोडला, तर थोड्याच दिवसांत यजमानाची प्रतिकारशक्ती त्याला बाहेर काढते आणि जाण्यापूर्वी त्याचे खंड गळून तो खुरटलेला दिसतो. अनुकूल यजमानात हा कृमी किती टिकू शकतो, याचे उदाहरण मला नेहमीच विलक्षण वाटत आले आहे: शस्त्रक्रियेने एका रॅटमधून दुसऱ्या रॅटमध्ये हलवत ठेवलेला एक कृमी १४ वर्षे, म्हणजे कोणत्याही रॅटच्या आयुष्यापेक्षा कितीतरी अधिक काळ, जगला.

प्रतिकारशक्तीबद्दल बोलायचे, तर मेंढीच्या जठराच्या चौथ्या कप्प्यातील टेलाडॉर्सेजिया सर्कमसिंक्टा या गोलकृमीवरील काम पाहावे. ज्या मेंढ्यांच्या शरीरात या कृमीविरुद्ध आयजीए प्रकारची प्रतिद्रव्ये अधिक असतात, त्यांच्यातील कृमी आखूड राहतात, आणि आखूड मादीच्या शरीरात अंडीही कमी असतात. येथे यजमानाची जात तीच आहे, कृमीची जातही तीच आहे, तरीही एका मेंढीतील कृमी दुसरीतील कृमीपेक्षा लहान आहे. म्हणून मेंढीतील माप असे एकच माप सांगणे मला कधीच पटत नाही.

यजमानाची जात बदलली की हा परिणाम आणखी तीव्र होतो. शिस्टोसोमा मॅन्सोनी हा रक्तवाहिन्यांत राहणारा कृमी माउसमध्ये व हॅमस्टरमध्ये पूर्ण वाढतो, पण रॅटमध्ये तो खुजा राहतो आणि माद्या फारच थोडी अंडी घालतात. रॅटच्या पेशी नायट्रिक ऑक्साइड मोठ्या प्रमाणात तयार करतात, हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण आहे. ते तयार करणाऱ्या विकराचे जनुक निकामी केलेल्या रॅटमध्ये हेच कृमी बरेच चांगले वाढतात. शिवाय या कृमीत मादीची वाढ नरावर अवलंबून असते, आणि नराशी जोडी न जमलेली मादी अनुकूल यजमानातही खुजीच राहते. रॅटमधील खुज्या कृमीला कोणी वेगळी जात म्हणून वर्णिले असते, तर केवळ मापांच्या आधारे त्याला चूक ठरवणे कठीण गेले असते.

उत्तर २
पशुवैद्यक_प्रयोगशाळा

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण जीवशास्त्राकडे वळण्यापूर्वी बरणीकडे पाहावे, असे मला सुचवायचे आहे. जिवंत पर्णकृमी थंड फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर तो आकसतो आणि आखूड व जाड दिसतो. गरम द्रावणात टाकलेला किंवा दोन काचपट्ट्यांमध्ये हलका दाबून टिकवलेला कृमी सैल, पसरट आणि लांब राहतो. गोलकृमीही थंड द्रावणात वेटोळे घालून आकसतात, तर गरम सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ते सरळ होतात. दोन बरण्या वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या हातांनी भरलेल्या असतील, तर आपण पाहिलेल्या फरकाचा मोठा भाग या एका कारणाने निर्माण झालेला असू शकतो. खांदे ठळक की उतरते, हे लक्षण तर आकसण्यावर इतके अवलंबून असते की जुन्या नमुन्यांत मी त्याला फारसे महत्त्व देत नाही.

उत्तर ३
रेणू_आणि_रूप

प्रश्नातील दुसरा भाग, म्हणजे कोणत्या लक्षणांवर भिस्त ठेवावी, याबद्दल लिहितो.

फॅसिओला वंशात आपल्याला दोन जातींचा विचार करावा लागतो. फॅसिओला हेपॅटिका साधारणपणे ३० मिलिमीटरपर्यंत लांब असतो, तर फॅसिओला जायगँटिका ७५ मिलिमीटरपर्यंत वाढू शकतो, त्याच्या शरीराच्या दोन्ही कडा जवळजवळ समांतर असतात आणि खांदे फारसे दिसत नाहीत. एकूण लांबी वय, गर्दी व यजमान यांनुसार बदलते, म्हणून ती एकटी निरुपयोगी आहे. त्यापेक्षा लांबी व रुंदी यांचे गुणोत्तर, आणि विशेषतः अधरचूषकापासून, म्हणजे पोटाच्या बाजूला असलेल्या चिकटण्याच्या अवयवापासून, मागच्या टोकापर्यंतचे अंतर, ही लक्षणे या दोन जाती वेगळ्या काढण्यास अधिक उपयोगी ठरलेली आहेत. अंड्यांच्या मापावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये. जनावरांच्या विष्ठेतील अंड्यांत या दोन जातींचा फरक बऱ्यापैकी दिसतो, पण माणसाच्या विष्ठेत सापडणारी हेपॅटिकाची अंडी अपेक्षेपेक्षा मोठी आणि जायगँटिकाची अंडी अपेक्षेपेक्षा लहान असल्याचे आढळले आहे, त्यामुळे दोघांची मापे एकमेकांत मिसळतात. अंडे हे कृमीचे सर्वांत स्थिर लक्षण असावे असे आपण सहज गृहीत धरतो, आणि तेच यजमानानुसार सरकते.

आणखी एक शक्यता आपण नजरेआड करू नये. आशियातील अनेक भागांत या दोन जातींच्या मधले कृमी सापडतात. त्यांच्यापैकी बऱ्याच कृमींच्या वीर्यकोशात शुक्रपेशी नसतात किंवा अगदी थोड्या असतात, ते फलनाशिवाय प्रजनन करतात, आणि त्यांच्या केंद्रकातील डीएनए दोन्ही जातींचा मिश्र वारसा दाखवतो. असा कृमी मापांवरून एखाद्या जातीत बसवण्याचा प्रयत्न करणे व्यर्थ आहे. म्हणून आपल्या गायीच्या बरणीतील लांबट कृमींपैकी काहींचे काप घेऊन वीर्यकोश पाहणे, हे मला लांबी मोजण्यापेक्षा अधिक बोलके वाटते.

गोलकृमींमध्ये लक्षण कोणते निवडतो यावर सारे अवलंबून असते. मेंढ्या व शेळ्यांतील हिमॉन्कस कॉन्टॉर्टस आणि प्रामुख्याने गुरांमधील हिमॉन्कस प्लेसी या दोन रक्तपिपासू कृमींवरून दीर्घकाळ वाद चालला की प्लेसी हा गायीत वाढल्यामुळे वेगळा दिसणारा कॉन्टॉर्टसच आहे. मादीच्या जननद्वारावरील पाळीचा आकार, म्हणजे जिभेसारखी लांब, गाठीसारखी किंवा पूर्ण सपाट, हे लक्षण त्या वादात वारंवार वापरले गेले, पण या तिन्ही प्रकारच्या माद्या एकाच जातीत आढळतात आणि त्यांचे प्रमाण यजमान व परिसर यांनुसार बदलते. निर्णय शेवटी नराच्या स्पिक्यूलनी, म्हणजे समागमाच्या वेळी वापरल्या जाणाऱ्या कठीण काट्यांनी, आणि त्वचेवरील उभ्या कंगोऱ्यांच्या संख्येने दिला. स्पिक्यूलची एकूण लांबी आणि त्यांच्या टोकापासून त्यांवरील आकड्यापर्यंतचे (हुकापर्यंतचे) अंतर एकत्र घेतले की नर वेगळे काढता येतात. कृमी लहान वा मोठा झाला तरी कंगोऱ्यांची संख्या लांबीसारखी ताणली वा आखडली जात नाही, म्हणून मी मोजता येणाऱ्या मापापेक्षा गणता येणाऱ्या लक्षणाला नेहमी अधिक वजन देतो. पुढे डीएनएने या दोन जाती वेगळ्या असल्याचे दाखवून दिले, आणि त्यांचा संकर होऊ शकतो, हेही.

याच्या उलट घडलेली गोष्टही सांगितली पाहिजे. गुरांच्या जठरातील ऑस्टरटेजिया ऑस्टरटेगी आणि ऑस्टरटेजिया लायराटा यांचे नर स्पिक्यूलवरून इतके वेगळे दिसतात की त्यांना दीर्घकाळ स्वतंत्र जाती मानले गेले. आता ते एकाच जातीच्या नरांचे दोन प्रकार समजले जातात, एक संख्येने बहुसंख्य आणि दुसरा अल्पसंख्य. मेंढ्यांतील टेलाडॉर्सेजिया सर्कमसिंक्टा आणि ट्रायफर्काटा यांचेही तसेच आहे. येथे यजमानाचा काहीच हात नाही. एकाच प्राण्यात, एकाच दिवशी दोन्ही प्रकार शेजारी शेजारी सापडतात. यावरून कठीण भागांवरील लक्षणेही आंधळेपणाने स्वीकारता येत नाहीत, हे दिसते.

आणि सर्वांत अवघड प्रकार म्हणजे रूप तेच, पण जाती वेगळ्या. माणसातील आणि डुकरातील व्हिपवर्म, म्हणजे ट्रायक्युरिस ट्रायक्युरा आणि ट्रायक्युरिस सुइस, दिसायला जवळजवळ सारखे आहेत, पण डीएनएच्या आधारे त्या स्पष्टपणे वेगळ्या जाती ठरतात. याच दोन यजमानांतील अस्कॅरिस घ्या. माणसातील अस्कॅरिस लुंब्रिकॉइडिस आणि डुकरातील अस्कॅरिस सुअम यांतील फरक ओठांच्या कडेवरील सूक्ष्म दातांच्या आकारावरून सांगितला जात असे, पण हे दात वयानुसार झिजतात, आणि जनुकांच्या पातळीवर या दोन गटांत संकर व देवाणघेवाण झाल्याचे दिसते, इतके की त्यांना दोन जाती म्हणावे की एक, यावर अजून एकमत नाही. दोन्ही ठिकाणी यजमान माणूस आणि डुक्कर, दोन्ही ठिकाणी कृमी दिसायला सारखे, आणि उत्तरे मात्र विरुद्ध. ट्रायकिनेलाच्या अनेक जातींच्या अळ्याही सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकींपासून ओळखता येत नाहीत. काही जातींच्या अळीभोवती स्नायूत कवच तयार होते आणि काहींच्या होत नाही, एवढाच मोठा दृश्य भेद आहे. पुढची ओळख पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती तयार करून तो तपासण्याच्या पद्धतीनेच, पटते.

पुन्हा प्रश्न
जिज्ञासा_प्राणिशास्त्र

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बरण्यांच्या नोंदी तपासल्या. त्यांत यजमान, अवयव आणि वर्ष आहे, पण नमुने कसे टिकवले हे नाही, आणि एका प्राण्यातून किती कृमी निघाले हेही नाही. वीर्यकोशाचे काप घेण्याची परवानगी मी मागितली आहे. एक उपप्रश्न असा आहे की, हे सारे प्रौढ कृमींबद्दल झाले. पट्टकृमींच्या अळ्या तर मध्यस्थ यजमानाच्या, म्हणजे ज्याच्यात कृमी फक्त अळीच्या अवस्थेत राहतो त्या प्राण्याच्या, ऊतींत अडकून राहतात. त्यांचे रूपही यजमानानुसार बदलते का?

उत्तर ४
कृमिशास्त्र_अध्यापन

बदलते, आणि माझ्या मते प्रौढ कृमींपेक्षाही अधिक ठळकपणे बदलते, कारण अळीच्या अवस्थेत कृमीला सभोवतालच्या ऊतीच्या आकाराशी थेट जुळवून घ्यावे लागते.

टीनिया सोलियमचे उदाहरण घ्या. डुकराच्या स्नायूंत त्याची अळी तंतूंच्या दिशेने दाबली जाऊन लंबगोल होते आणि साधारण एक सेंटिमीटरच्या आत राहते. माणसाच्या मेंदूच्या ऊतीत तीच अळी गोलसर असते. पण मेंदूच्या तळाशी, जेथे द्रवाने भरलेली मोकळी जागा असते, तेथे ती कधी कधी द्राक्षांच्या घोसासारखी अनेक पातळ पिशव्यांची बनते, कित्येक सेंटिमीटर वाढते आणि तिच्यात डोके आढळत नाही. हे रूप इतके वेगळे आहे की एकेकाळी त्याला स्वतंत्र नाव होते. येथे यजमानाच्या जातीइतकाच त्यातील अवयवाचाही वाटा आहे, म्हणून आपल्या नोंदीत अवयव लिहिलेला आहे हे फार चांगले झाले.

एकायनोकॉकस मल्टिलोक्युलॅरिस या कोल्ह्याच्या पट्टकृमीची अळी लहान कृंतक प्राण्यांच्या यकृतात झपाट्याने वाढते आणि काही महिन्यांतच तिच्यात भावी कृमींची असंख्य डोकी तयार होतात. माणसाच्या यकृतात मात्र ती वर्षानुवर्षे संथपणे एखाद्या अर्बुदाप्रमाणे ऊतींत घुसत जाते आणि तिच्यात अशी डोकी क्वचितच आढळतात. माणूस तिच्यासाठी पुढे न जाणारी वाट असतो. एकायनोकॉकस ग्रॅन्युलोससमध्ये मेंढीशी जुळलेल्या प्रकाराचे कोश, म्हणजे अळीच्या द्रवाने भरलेल्या पिशव्या, गायीत बऱ्याचदा वांझ राहतात, त्यांत डोकी तयार होत नाहीत. या कृमीच्या डोक्यावरील आकड्यांबद्दल (हुकांबद्दल) एक सावधगिरी बाळगावी. अळीतील आकडे पूर्ण वाढलेले नसतात. कुत्र्याच्या आतड्यात पोचल्यावर त्यांचा दांडा व पाते वाढते. त्यामुळे अळीचे आकडे प्रौढ कृमीच्या आकड्यांशी तुलना करण्याजोगे नाहीत, आणि वेगवेगळ्या मध्यस्थ यजमानांतील अळ्यांचे आकडेही एकमेकांशी थेट ताडून पाहता येत नाहीत.

जाता जाता एक भेद लक्षात ठेवावा. मोठ्या यजमानांत मोठे परजीवी आढळतात, हे प्राणिशास्त्रज्ञ हॅरिसन यांनी १९१५ मध्ये उवांच्या संदर्भात मांडलेले निरीक्षण वेगवेगळ्या जातींच्या तुलनेबद्दल आहे. स्पर्म व्हेलच्या वारेत सापडणारा प्लॅसेन्टोनेमा जायगँटिसिमा या गोलकृमीची मादी आठ मीटरहून लांब होऊ शकते, आणि ते त्याचे जातिगत लक्षण आहे. याउलट मूत्रपिंडात राहणाऱ्या डायोक्टोफायमे रेनालेची मादी कुत्र्यात एक मीटरपर्यंत पोचते, पण मिंकसारख्या लहान मांसाहारी प्राण्यात तीच जात बरीच लहान राहते. पहिले उदाहरण उत्क्रांतीचे आहे, दुसरे एका आयुष्यातील लवचिकतेचे. लेखनात ही दोन्ही एकाच वाक्यात घातली की वाचकाचा गोंधळ उडतो.

उत्तर ५
आकारमिती_संख्याशास्त्र

मापांच्या विश्लेषणाबद्दल थोडे लिहितो, कारण प्रकल्पाचे मूल्यमापन करणारे नेमके तेथेच प्रश्न विचारतील. एका मेंढीतून काढलेले चाळीस कृमी म्हणजे चाळीस स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत. त्यांनी तीच पित्तनलिका, तीच गर्दी आणि तीच प्रतिकारशक्ती अनुभवलेली असते, म्हणून यजमानांच्या तुलनेत त्यांचे वजन फार तर एका मेंढीइतके धरावे. बरणीत किती प्राण्यांतील कृमी एकत्र केले आहेत हे कळत नसेल, तर दोन गटांतील फरक यजमानाच्या जातीमुळे आहे असे म्हणता येणार नाही, आणि तसे स्पष्ट लिहिणे हाच प्रामाणिक मार्ग आहे. शिवाय कृमी वाढताना सर्व भाग सारख्या वेगाने वाढत नाहीत, त्यामुळे केवळ गुणोत्तर काढल्याने वयाचा परिणाम पूर्णपणे जात नाही. प्रत्येक माप एकूण शरीराच्या आकाराच्या तुलनेत आलेखावर मांडून दोन्ही गटांच्या रेषा एकमेकींवर बसतात का ते पाहावे. बसत असतील, तर मेंढीतील आणि गायीतील कृमी एकाच वाढीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर आहेत, असे म्हणण्यास आधार मिळतो.

यजमानाचा परिणाम खऱ्या अर्थाने वेगळा काढायचा असेल, तर एकाच कृमीच्या अंड्यांपासून गोगलगायींमार्फत वाढवलेल्या अळ्या दोन्ही यजमानांना सारख्याच संख्येने देऊन ठरावीक आठवड्यांनी तुलना करावी लागते. आपल्या प्रकल्पाच्या आवाक्यात ते बसणार नाही. पण नवे नमुने मिळण्याची शक्यता असेल, तर प्रत्येक प्राण्यातील कृमी वेगळ्या बाटलीत ठेवावेत, त्यांची एकूण संख्या लिहावी, निम्मे गरम द्रावणात एकाच पद्धतीने टिकवावेत आणि उरलेल्यांपैकी काही ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवावेत, कारण फॉर्मॅलिनमध्ये राहिलेल्या नमुन्यांतून डीएनए काढणे फार कठीण जाते.